परदेशात दोन वर्षं, पुण्यात फ्लॅट: कर कुठे भरायचा आणि घराचं काय करायचं

कंपनीनं दोन वर्षांसाठी परदेशी जायला सांगितलं की घरात एकच धावपळ उडते. व्हिसा, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं, गाडी विकायची की ठेवायची. या गडबडीत दोन प्रश्न मागे राहतात आणि निघायच्या आठवड्यात कसेबसे उरकले जातात: आता कर कुठल्या देशात भरायचा, आणि फ्लॅटचं काय करायचं? पहिला प्रश्न सीएकडे जातो, दुसरा ब्रोकरकडे. त्या दोघांची कधी गाठ पडत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही कुठल्या देशाचे करनिवासी, म्हणजे करापुरते रहिवासी, ठरता यावर भाड्यावरचा कर अवलंबून असतो, आणि घर भाड्यानं दिलं की कुलूप लावून ठेवलं यावर काही वेळा तुमचं करनिवासीपणच अवलंबून असतं. म्हणून हे दोन्ही निर्णय एकत्र बसून, आणि जायच्या आधी घ्यावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी निवासी-अनिवासीचा हिशेब. आयकर कायद्याला तुमचं नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार किंवा कंपनीच्या पत्रातला ‘तात्पुरती बदली’ हा शब्द यांच्याशी फारसं देणंघेणं नाही. तो दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असलात तर निवासी. दुसरी कसोटी अशी: त्या वर्षात ६० किंवा जास्त दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस भारतात असलात, तरीही निवासी. आयुष्यभर इथेच राहिलेल्या माणसाचे मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस आपोआप भरलेले असतात, म्हणजे त्याच्यासाठी कसोटी उरते ती ६० दिवसांची. मात्र भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडून जातो, त्या वर्षापुरती कायदा सवलत देतो आणि ६० च्या जागी १८२ दिवस धरतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला. कलमांचे आकडे बदलले, मागचं वर्ष आणि मूल्यांकन वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. दिवसांचे हे नियम मात्र तसेच आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ कॅलेंडरवर बघा. १ एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात. नोकरीसाठी २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी निघालात आणि मार्चअखेर परत फिरकला नाहीत, तर ते सगळं वर्ष तुम्ही अनिवासी. २९ तारखेला निघालात तर १८२ भरले, तुम्ही निवासी, आणि परदेशात ऑक्टोबर ते मार्च मिळालेला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवायचा. एका दिवसानं एवढा फरक पडतो. निघायचा आणि पोचायचा असे दोन्ही दिवस भारतात धरूनच हिशेब करा. त्यावर वाद झालेले आहेत, पण आपण वाद घालायची वेळ यावीच कशाला? जानेवारीत बहिणीच्या लग्नाला दहा दिवस आलात तर तेही मोजा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, कारण तीन वर्षांनी नोटीस आली तर हाच पुरावा.

इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. भारतात वर्षाचे दोन तुकडे पडत नाहीत. ऑगस्टमध्ये गेलात म्हणून ऑगस्टपर्यंत निवासी आणि पुढे अनिवासी, असं नसतं. अनिवासी ठरलात तर १ एप्रिलपासूनच. अनिवासी माणसाला भारतात कर लागतो तो फक्त भारतातल्या उत्पन्नावर: निघण्यापूर्वीचा इथला पगार, इथल्या ठेवींचं व्याज, आणि इथल्या घराचं भाडं. परदेशात केलेल्या कामाचा पगार त्यात येत नाही. मात्र तो पगार कंपनी थेट तुमच्या भारतातल्या खात्यात जमा करत असेल तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून प्रश्न उपस्थित होऊ शकतो. एचआरशी बोलून तो तिकडच्या बँकेतच घ्यावा हे उत्तम.

तीन-चार महिन्यांच्या कामासाठी जाणाऱ्यांचं प्रकरण सोपं आहे. ते बहुधा भारताचेच निवासी राहतात. दोन देशांमधल्या बहुतेक करविषयक करारांमध्ये अशी तरतूद असते की तिथला मुक्काम १८३ दिवसांच्या आत असेल, पगार देणारी कंपनी त्या देशातली नसेल आणि पगाराचा खर्च तिथल्या शाखेच्या डोक्यावर पडत नसेल, तर तो देश त्या पगारावर कर लावत नाही. तिन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. तिसरी अट कंपनीच्या हिशेबात असते, तुमच्या हातात नसते, म्हणून ती विचारून घ्या.

आता परतीचं वर्ष. तात्पुरतं जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त चटका बसतो तो इथे, आणि याबद्दल जायच्या आधी कुणी सांगत नाही. समजा तुम्ही १० ऑगस्ट २०२४ ला दुबईला गेलात आणि १० डिसेंबर २०२६ ला कायमचे परत आलात. २०२४-२५ मध्ये भारतात १३२ दिवस, म्हणून अनिवासी. २०२५-२६ मध्ये दिवाळीचे तीन आठवडे, म्हणून अनिवासी. २०२६-२७ मध्ये १० डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत ११२ दिवस. १८२ भरत नाहीत, म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. पण जातानाची सवलत येताना नसते. कायमचं परतणाऱ्याला ६० दिवसांची कसोटी लागते, आणि मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस तर २०२२-२३ या एकाच वर्षात भरलेले आहेत. म्हणजे २०२६-२७ मध्ये तुम्ही निवासी, आणि १ एप्रिल २०२६ पासूनचा दुबईतला पगार भारताच्या विवरणपत्रात.

‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा एक मधला वर्ग असतो आणि त्यात परदेशातला पगार वाचतो, असं कुणी तरी सांगतं. ते खरं आहे, पण तुमच्यासाठी नाही. त्या वर्गात बसायला मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा कमी असावे लागतात. सातपैकी पाच वर्षं एकदाही न येता बाहेर काढली, तरी उरलेल्या दोन वर्षांचेच ७३० दिवस होतात. दोन-तीन वर्षांसाठी गेलेल्याला हे दार बंदच आहे.

मग काय करायचं? शक्य असेल तर परतीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघायचं. ३१ जानेवारीला उतरलात तर मार्चअखेर बरोबर ६० दिवस भरतात. १ फेब्रुवारीला उतरलात तर ५९, पण लीप वर्ष असेल तर पुन्हा ६०. शिवाय त्याच वर्षात आधी गणपतीला किंवा दिवाळीला येऊन गेलात तर ते दिवसही यात मिळवायचे. नोकरीची तारीख दर वेळी आपल्या हातात नसते हे मान्य, पण महिनाभर मागेपुढे करता येत असेल तर ती विनंती करून बघण्यासारखी आहे.

जर्मनी किंवा अमेरिकेतून परतणाऱ्याला एवढी झळ बसत नाही, कारण तिथे भरलेल्या कराची वजावट भारतात मिळते. दोन देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार असतो तो याचसाठी. त्यासाठी ठरलेला फॉर्म आणि तिथे कर भरल्याचा पुरावा लागतो. दुबईत पगारावर करच नाही, म्हणून वजावटीला काही नाही, आणि आखाती देशातून परतणाऱ्याला ३० टक्क्यांच्या टप्प्यातला कर आपल्या खिशातून भरावा लागू शकतो.

आणि इथेच फ्लॅटचा संबंध येतो.

एखाद्या वर्षी दोन्ही देशांच्या कायद्यांनुसार तुम्ही निवासी ठरलात, तर करारात तिढा सोडवायच्या पायऱ्या दिलेल्या असतात. पहिली पायरी: कायमस्वरूपी राहण्याजोगं घर कुठे उपलब्ध आहे? एकाच देशात असेल तर करारापुरते तुम्ही त्या देशाचे. दोन्हीकडे असेल तर दुसरी पायरी, तुमचे कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत. त्यावरही निर्णय झाला नाही तर तुमचं नेहमीचं वास्तव्य कुठे, आणि मग नागरिकत्व. भारतीय माणूस पहिल्या पायरीवर निसटला नाही, तर पुढच्या पायऱ्यांवर त्याचं पारडं सहसा भारताकडे झुकतं: आईवडील इथे, ठेवी इथे, पासपोर्ट इथला.

पहिल्या पायरीतला कळीचा शब्द ‘उपलब्ध’ हा आहे. मालकी नव्हे. कोथरूडचा फ्लॅट तुमच्या नावावर आहे, पण तिथे त्रयस्थ भाडेकरू नोंदणीकृत करारावर राहतो आहे, तुम्ही पुण्यात आलात तरी तिथे मुक्काम करू शकत नाही. मग ते घर तुम्हाला उपलब्ध नाही. तोच फ्लॅट कुलूप लावून ठेवला, किल्ली शेजारच्या काकूंकडे, दिवाळीत येऊन तिथेच राहिलात, तर ते उपलब्ध आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या नमुना करारावरच्या भाष्यातही हाच विचार आहे: नात्यात नसलेल्या माणसाला भाड्यानं देऊन ताबा सोपवलेलं घर उपलब्ध घरात धरत नाहीत. परतीच्या वर्षात परदेशातला पगार वाचवायचा असेल, तर तुमच्या हातातला सगळ्यात ठोस कागद हा भाडेकरार असू शकतो.

हा मुद्दा आपोआप मान्य होत नाही. त्या देशाकडून करनिवासी असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तिथल्या घराचा करार दाखवावा लागतो, आणि ज्या काळाबद्दल बोलतो आहोत त्या काळात इथलं घर खरोखरच दुसऱ्याच्या ताब्यात होतं हे सिद्ध करावं लागतं. शिवाय प्रत्येक देशाच्या करारातली भाषा थोडी वेगळी असते. संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात कॅलेंडर वर्षातल्या १८३ दिवसांची अट आहे. त्यामुळे अशा प्रकरणात आंतरराष्ट्रीय कर समजणाऱ्या सीएची फी द्या. ती वाचवू नका.

आता भाड्याकडे वळू. घर भाड्यानं दिलं नाही तर? कर लागत नाही. दोन घरांपर्यंत ‘स्वतःसाठी ठेवलेलं घर’ म्हणून शून्य उत्पन्न धरता येतं, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तुम्ही तिथे का राहत नाही याचं कारणही द्यावं लागत नाही. आईवडील राहत असतील तरी तेच. रिकाम्या फ्लॅटवर काल्पनिक भाडं धरतील या भीतीपोटी घाईनं कुणालाही घर देऊ नका.

दिलं तर हिशेब असा. महिना ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. त्यातून तुम्ही महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करायचा, समजा १२,०००. उरले ३,४८,०००. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १,०४,४००, दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट वजा होतात, मग तुम्ही रंग लावा वा न लावा. उरले २,४३,६००. गृहकर्जाचं व्याज २,१०,००० असेल तर तेही जातं, आणि करपात्र उत्पन्न राहतं ३३,६००. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही. तो भाडेकरूनं परस्पर भरायचा असेल तर करारात तसं स्पष्ट लिहा.

३३,६०० वर कर किती? भारतात दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर काहीच नाही, कारण नव्या कररचनेत पहिले ४ लाख करमुक्त आहेत. पण ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे जे सगळीकडे ऐकू येतं ते अनिवासींना लागू नाही. ती सूट फक्त निवासींसाठी आहे. अनिवासीला ४ लाखांच्या वर पहिल्या रुपयापासून कर आहे.

कर शून्य असला तरी भाडेकरूला मात्र टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावाच लागतो, आणि हे घरमालक, भाडेकरू, ब्रोकर यांपैकी कुणालाच माहीत नसतं. मालक निवासी असेल तर भाडेकरूला महिना ५०,००० च्या वर भाडं असल्यावरच २ टक्के कापायचे असतात. मालक अनिवासी झाला की ही मर्यादा उरत नाही. भाडं १५,००० असो की ८०,०००, कपात ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के. आपल्या उदाहरणात वर्षाला १,१२,३२० रुपये कापले जातात, जिथे खरा कर शून्य आहे. ते पैसे विवरणपत्र भरल्यावर रिफंड म्हणून मिळतात. पण गृहकर्जाचा हप्ता भाड्यातून फिरवायचा बेत असेल, तर दर महिन्याला ३०,००० ऐवजी २०,६४० हातात येतील हे आधी धरा.

भाडेकरूच्या बाजूनं बघितलं तर त्याच्यावर बराच भार आहे. त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढायचा, कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, मार्चची ३० एप्रिलपर्यंत, दर तिमाहीला अनिवासींसाठीचं विवरण द्यायचं, तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं. हिंजवडीत पहिल्या नोकरीला लागलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलानं हे सगळं करावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्यानं नाही कापलं तर थकबाकीदार तो ठरतो, व्याजासकट. म्हणून मालकानं स्वतःचं अनिवासीपण लपवून ठेवणं हा त्या मुलावर सरळ अन्याय आहे. ‘भाडं माझ्या बाबांच्या खात्यावर टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं काहीही बदलत नाही. घर ज्याच्या नावावर, उत्पन्न त्याचं, आणि टीडीएसची जबाबदारी तशीच. करारातच लिहा की मालक अनिवासी आहे, टीडीएस कापून भाडं द्यायचं आहे, आणि टॅन काढण्याचा व तिमाही विवरणाचा खर्च मालक करील. वर्षाला काही हजारांत एखादा सीए हे काम करून देतो. भाडेकरू टिकवायचा असेल तर तो खर्च तुम्हीच उचला.

कपात कमी करून घेण्याचा अधिकृत मार्गही आहे. आयकर अधिकाऱ्याकडे ऑनलाइन अर्ज करून, वर दाखवला तसा हिशेब जोडून, कमी दरानं कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं. ते त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं आणि त्यात भाडेकरूचा टॅन लागतो. एप्रिलमध्येच अर्ज केला तर उपयोग. कर्ज मोठं असेल तर हा खटाटोप नक्की करावा.

फ्लॅट पतिपत्नीच्या नावावर निम्मा-निम्मा असेल आणि दोघांपैकी एक इथेच राहणार असेल, तर ३१.२ टक्के कपात फक्त अनिवासीच्या वाट्यावर होते. करारात दोघांची नावं, दोघांचे पॅन आणि भाड्याचे वाटे लिहिले, आणि दोन खात्यांवर भाडं घेतलं, की बराच ताण कमी होतो. गृहकर्जाचं व्याजही ज्यानं जेवढं भरलं तेवढं त्याच्या वाट्याला.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: जुना भाडेकरू आधीपासून आहे आणि मालक ऑगस्टमध्ये गेला, तर टीडीएस कधीपासून? अनिवासीपण १ एप्रिलपासून लागू होत असलं तरी एप्रिलमध्ये भाडेकरूला ते कळणार कसं? म्हणून जायचं नक्की झालं त्या दिवशी त्याला लेखी कळवा, साधा ईमेलसुद्धा चालेल. तिथून पुढे त्यानं कापायला सुरुवात करावी.

करार महाराष्ट्रातला असेल तर लिव्ह अँड लायसन्सच करा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे: नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम तुमचं. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तेवढ्या काळाची भरपाई दुप्पट भाड्यानं मागता येते. म्युनिकमध्ये बसून दिवाणी दावा लढवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. ३०,००० भाडं, चोवीस महिने, एक लाख डिपॉझिट असेल तर ७,४०,००० वर १,८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. चोवीस महिन्यांचा करार एकदाच केला तर परदेशातून मध्येच नूतनीकरणाची कटकट नाही. मुदतपूर्व नोटिशीची अट मात्र दोन्ही बाजूंनी ठेवा, कारण प्रकल्प मध्येच बंद पडून कंपनी परत बोलावते असंही होतं.

ऑनलाइन नोंदणीत अंगठा आणि आधार लागतं. तुम्ही तिकडे, एजंट इकडे, मग अडतं. म्हणून निघायच्या आधी आई, वडील, भाऊ यांपैकी विश्वासातल्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा: करार करणं, नोंदणीला हजर राहणं, घराचा ताबा देणं-घेणं, एवढ्याच कामांपुरतं. विक्रीचा अधिकार त्यात चुकूनही घालू नका. तिकडे गेल्यावर आठवलं तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवावं लागतं आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

सोसायटीला कराराची प्रत द्या, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवा. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे राज्य सरकारनं २००१ मध्येच ठरवून दिलं आहे, आणि आईवडील किंवा भावंडं राहत असतील तर तेही नाही. कुणी जास्त मागत असेल तर शांतपणे हा आदेश दाखवा. पुण्यातल्या लोकांसाठी आणखी एक: महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत देते. भाड्यानं दिलं की ती जाते, आणि परत राहायला आल्यावर पीटी-३ अर्ज देऊन पुन्हा मागावी लागते. भाडं ठरवताना हा फरक धरा. गृहकर्ज असेल तर घर भाड्यानं देण्याआधी बँकेला कळवायची अट आहे का, तेही करारपत्रात बघा.

बँकेचा नियम आयकराहून वेगळा आहे. परकीय चलन कायदा दिवस मोजत बसत नाही. नोकरीसाठी देश सोडलात की तुम्ही अनिवासी. म्हणून नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. आयकरासाठी त्या वर्षी तुम्ही निवासी ठरलात तरीसुद्धा. भाडं सहसा एनआरओ खात्यात येतं. कर भरल्यावर ते तिकडे पाठवता येतं. जुनं पीपीएफ खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

तिकडच्या देशाला तुमचं पुण्यातलं भाडं सांगावं लागतं का? देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत तिथले करनिवासी ठरलात की जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. तिथली कसोटी चालू वर्षातले दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा यांची बेरीज करते: १८३ झाले आणि चालू वर्षात किमान ३१ असले की निवासी. भाडं तिथेही दाखवायचं, इथे भरलेला कर वळता करून घ्यायचा, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली असेल तर खात्यांची माहिती वेगळी द्यायची. हे विसरल्याचा दंड फार जड आहे, आणि त्या खात्यांत आईबरोबरचं संयुक्त खातंही येतं. तिथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं एप्रिलमध्ये, त्यामुळे भाड्याचे आकडे दोनदा, वेगवेगळ्या बारा महिन्यांचे काढावे लागतात. महिन्यागणिक साधी वही ठेवली तर हे सोपं जातं. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून नवी पद्धत आली: आधीची दहा वर्षं तिथले निवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर करमाफी मागता येते, पण ती विवरणपत्रात मागावी लागते, आणि मागितली तर तिथली नेहमीची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. लहानशा भाड्यासाठी हा सौदा तोट्याचा ठरू शकतो, गणित करून बघा. सिंगापूर परदेशी भाड्यावर व्यक्तींकडून कर घेत नाही. दुबईत तर प्रश्नच नाही.

भारतात विवरणपत्र मात्र दर वर्षी भरत राहा, रिफंडासाठी तरी. अनिवासीला सहज नावाचा पहिला फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. आयकर पोर्टलवर आपली निवासी स्थिती बदलून ठेवा. जुन्या स्थितीवर दोन-दोन वर्षं विवरणपत्रं भरलेली लोकं भेटतात, आणि मग रिफंड अडकतो.

परत आल्यावरचं शेवटचं काम. निवासी झालात की विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं: तिकडे राहिलेलं बँक खातं, निवृत्तीचा निधी, कंपनीचे शेअर्स, शिल्लक थोडीशी असली तरी. कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं असतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण परिशिष्ट भरायचं बंधन कायम आहे. एनआरओ खातं पुन्हा साधं करून घ्या, भाडेकरू अजून राहत असेल तर आता ३१.२ टक्के कापायची गरज नाही असं त्याला लेखी कळवा, आणि कधीपासून, ती तारीख मात्र सीएला विचारून लिहा, कारण परतीच्या वर्षाची स्थिती विमान उतरल्याच्या दिवसावर नाही, मार्चअखेरच्या बेरजेवर ठरते.